गाडी येईपर्यंत

भूगोलाचे सर वर्गात फार वाईट शिकवायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण जव्हारात आता त्यांच्याबद्दल जे बोललं जातं त्यात हे कुणीच सांगत नाही. फळ्याकडे तोंड, वर्गाकडे पाठ, आणि आवाज इतका खाली की पहिल्या बाकावरच्या मुलीसुद्धा माना पुढे काढून बसायच्या. नकाशा काढायला घेतला की अर्ध्यावर त्यांचं लक्ष उडायचं आणि कोकणचा किनारा रत्नागिरीच्या आसपास कुठेतरी सुटून राहायचा. घंटा व्हायच्या आतच खडू खाली ठेवायचे, हात पँटला पुसायचे आणि म्हणायचे, "चला, तास संपला. आता शिकायला मोकळे झालो."

शेजारच्या खोलीत मी मराठी शिकवायचे. अजूनही शिकवते. आदल्या संध्याकाळी तयारी केल्याशिवाय मी आजवर वर्गात पाऊल ठेवलेलं नाही. कविता चालीवर म्हणते, नाटकातला प्रवेश आवाज बदलून वाचते. पावसाळ्यात आमच्या खिडक्यांतून धुकं आत शिरतं आणि मागचे बाक दिसेनासे होतात, तेव्हाही माझा शब्द शेवटच्या भिंतीपर्यंत जातो. मुलं शांतपणे ऐकायची, वहीत उतरवून घ्यायची, आणि तास संपला की "येतो मॅडम" म्हणून माझ्यासमोरून निघून जायची. जायची ती सरांकडे.

कॉलेजचं वेळापत्रक ऑफिसबाहेर लागतं, पण आमच्या मुलांचं खरं वेळापत्रक स्टँडवर ठरतं. जामसर, साखरशेत, मोखाड्याच्या बाजूची खेडी, सगळीकडून मुलं येतात. उजाडायच्या आत घर सोडलेलं असतं. तास दुपारी संपतात आणि परतीची गाडी येईल तेव्हा येते. मधला सगळा वेळ मुलं स्टँडवर बसून असतात. सरांनी हे नोकरीला लागल्या लागल्या हेरलं होतं. शेवटची तासिका झाली की मस्टरवर सही करून आम्ही सगळे घराकडे वळायचो आणि सर पिशवी खांद्याला अडकवून स्टँडकडे. मोखाड्याची गाडी लागते त्या बाजूला सिमेंटचं एक बाकडं आहे, त्याच्या टोकाला बसायचे. मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचा स्वेटर असायचा. बाकीचं बाकडं मुलांचं. गाडी लागली की उठून कडेला उभे राहायचे, आणि कुणाचं बोलणं अर्धवट राहिलं असेल तर सरळ गाडीत चढायचे. पुढच्या गावापर्यंत दांडीला धरून बोलत जायचे आणि मिळेल त्या जीपने परत यायचे. त्यांना परत येताना मी कितीदा तरी पाहिलं आहे. जीपच्या मागच्या पायरीवर उभे, केस विस्कटलेले, आणि चेहऱ्यावर एखादी मोठी कमाई करून आल्यासारखं समाधान.

मला ते समाधान बघवायचं नाही. दुसरा शब्द शोधण्यात अर्थ नाही, मला त्यांचा हेवा वाटायचा.

डबाही ते आमच्याबरोबर खायचे नाहीत. स्टाफरूममध्ये आमची जेवायची वेळ एकची. सर दहालाच डबा उघडायचे, तोही मागच्या व्हरांड्यात, कारण लांबून आलेल्या मुलांना दहालाच भूक लागते. नागलीची भाकरी, त्यावर सुकटाची चटणी. स्वतःचा पोळीभाजीचा डबा कुणाच्या तरी पुढे सरकवायचे आणि त्याची भाकरी मोडून घ्यायचे. एकदा मी म्हटलं, "सर, आमच्यात बसत जा की कधीतरी."

"एकला मला भूक नसते, मॅडम," ते अगदी साधेपणाने म्हणाले.

आणि सगळ्यांना ते 'अहो' म्हणायचे. प्राचार्यांना अहो, शिपायाला अहो, स्टँडवरच्या पिवळ्या कुत्रीलासुद्धा "अहो, जरा सरका" म्हणायचे. पहिल्या वर्षाला नुकताच आलेला, शर्टाची वरची दोन बटणं तुटलेला मुलगा असायचा, ज्याला जन्मात कुणी अहोजाहो केलेलं नसायचं. सर त्याला विचारायचे, "अहो, तुमच्या विहिरीला होळीपर्यंत पाणी राहतं का?" मुलगा आधी मागे वळून बघायचा, दुसऱ्या कुणाला विचारलं असेल म्हणून. मग बोलायला लागायचा. आपल्या घरच्या भाषेत बोलायचा, आयस, बास, नाय, कराया, सगळं आलं तसं. माझ्या वर्गात तोच मुलगा "होय मॅडम" आणि "नाही मॅडम" यापलीकडे जात नसे. मराठीची प्राध्यापक मी, आणि मुलांची बोली ऐकायला मिळायची भूगोलाला. मी ती लांबून, रस्ता ओलांडताना ऐकायचे.

एका वर्षी कॉलेजला तपासणी समिती येणार होती. प्राचार्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक प्राध्यापकाने तासांव्यतिरिक्त विद्यार्थ्यांना केव्हा भेटणार ती वेळ आपल्या दाराला लावावी. मी व्यवस्थित टाइप करून, प्लॅस्टिकमध्ये घालून लावली. मंगळवार आणि गुरुवार, दुपारी दोन ते चार. खोलीत समोर दोन खुर्च्या मांडल्या, टेबलावर पाण्याची बाटली ठेवली. सरांनी अर्ध्या कागदावर पेनने लिहून चिकटवलं : 'गाडी येईपर्यंत. स्टँडवर.'

प्राचार्य त्यांना घेऊनच माझ्या खोलीत आले. "मॅडमनी बघा कसं लावलंय," ते म्हणाले, "आणि तुमचं हे काय? गाडी येईपर्यंत ही काय वेळ झाली का?"

"गाडीची वेळ मला तरी कुठे ठाऊक असते, साहेब?" सर म्हणाले. "ठाऊक असती तर लिहिली असती."

समिती आली. त्यातल्या एका वयस्कर बाईंनी तो अर्धा कागद वाचला, हसल्या आणि आपण हे बघणारच म्हणाल्या. जेवण सोडून स्टँडवर जाऊन बसल्या. माझ्या दारावरून त्या दोनदा गेल्या. मी आत बसलेली होते. मंगळवारच होता.

त्या वेळात माझ्याकडे कुणी आलं नाही असं म्हणणं बरोबर होणार नाही. एकदा दार वाजलं होतं. वरच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या म्हणून शिपाई त्या दोन्ही न्यायला आला होता.

शेवटी एका दुपारी मीही स्टँडवर गेले. सरांना ताप होता, ते आले नव्हते, आणि बाकड्यावरची त्यांची जागा रिकामी होती. मनाशी म्हटलं, जागेचाच गुण असेल तर बघू. मी बसले मात्र, मुलं उठून उभी राहिली. एकाने तोंडातली गोळी थुंकली. कुणीतरी म्हणालं, "मॅडम, कुठे जायचंय? जागा धरू का?"

"कुठे नाही. तुमच्याशी बोलायला आले."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एका मुलीने दप्तरातून माझ्याच विषयाची वही काढली आणि उघडून मांडीवर ठेवली. मी विचारलं, गावाकडे भात कसा आहे. "चांगला आहे, मॅडम." घरी कोण कोण असतं. "आईवडील, मॅडम." आयस नाही, बास नाही, पुस्तकातले आईवडील. गाडी त्या दिवशी नेमकी फार उशिरा आली. तेवढा वेळ आम्ही सगळे अवघडून बसून राहिलो, आणि गाडी दिसली तेव्हा मुलांइतकंच मलाही हायसं वाटलं.

बरे झाल्यावर सरांच्या कानावर ते गेलं असणार. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन म्हणाले, "पहिल्या वर्षी माझ्याशीपण बोलत नव्हती. मी नुसता शेंगा खात बसायचो."

"मला शेंगा आवडत नाहीत," मी म्हटलं आणि पेपर तपासायला घेतले.

रंजनाचं तेव्हाचंच. वांगणीची मुलगी. वांगणीपर्यंत धड रस्ता नाही, वावर गावाला उतरून चालत जावं लागतं. आयस-बास दिवाळी झाली की वीटभट्टीवर कामाला जायचे, भिवंडीकडे नाहीतर वसईकडे. मग धाकट्या भावंडांना सांभाळून ही कॉलेजला येणार. वर्गात ती बोलायची नाही, पण लिहायची. 'माझा रस्ता' या विषयावर तिने चालण्याबद्दल लिहिलं होतं. कुठल्या वळणावर चपला काढून हातात घ्यायच्या, कुठल्या दगडाशी भाऊ हटकून बसून घेतो, पावसात ओढ्याचा आवाज कसा झाला म्हणजे मागे फिरायचं. पुस्तकातलं एकही वाक्य त्यात नव्हतं. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं लिहिणारी मुलगी मिळाली नव्हती. तिने मराठीत एम. ए. करायचं, पुढे माझ्याच विभागात यायचं, असं मी मनात पक्कं करून ठेवलं होतं. तिलाही सांगितलं होतं. ती "हो मॅडम" म्हणाली होती.

दिवाळीनंतर ती आलीच नाही. वर्गात विचारलं तर मुली खाली बघायला लागल्या. मला वाटलं, भट्टीवर गेली, नाहीतर लग्न ठरलं. जीव कासावीस झाला. स्टाफरूममध्ये मी हे बोलून दाखवलं, तर कोपऱ्यातून सर म्हणाले, "रंजनाबाई नाशिकला गेल्या. नर्सिंगला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. श्रावणात."

श्रावण ते दिवाळी. त्या सगळ्या दिवसांत ती रोज माझ्यासमोर बसत होती. मी म्हटलं, "आणि तुम्ही अडवलं नाहीत तिला?"

"जाऊ का, असं त्यांनी विचारलं नव्हतं. नाशिकला स्टँडपासून ते कॉलेज चालत जाण्याइतकं आहे का, एवढं विचारलं."

"सर, ती लिहिणारी मुलगी आहे. तिचं पुढचं सगळं मी ठरवलं होतं. माझी विद्यार्थिनी होती ती."

स्टाफरूममधली बाकीची मंडळी उगाच कागद चाळायला लागली.  सर खुर्ची ओढून माझ्यासमोर आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "त्यांना लवकर पगार हवाय, मॅडम. आयस-बासचं भट्टीवर जाणं थांबवायचंय. एम. ए. होईपर्यंत धाकटा भाऊपण भट्टीवर जायला लागेल."

"हे मला सांगता आलं असतं तिला. मी काय रागावले असते?"

"रागवाल म्हणून नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. मलाही म्हणाल्या, मॅडमना एवढ्यात कळू देऊ नका."

मी उठून बाहेर गेले. व्हरांड्यात उभं राहून माझ्या लक्षात आलं, की ही मुलं माझं मन जपत होती आणि आपलं मन सरांपाशी मोकळं करत होती. मुलांनी आपल्याला जपावं यासाठी मी एवढी तयारी करत आले नव्हते. पुढे कितीतरी दिवस मी सरांशी कामापुरतंच बोलले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांना वेळच कुठे होता.

सरांचं बिऱ्हाड नाशिकला होतं. बायको तिथल्या शाळेत शिकवायची, एकुलती मुलगी तिथेच वाढली. सर जव्हारात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी घरी जायचे. मुलगी बारावीला असताना एकदा सुट्टीत वडिलांकडे आली. मी बाजारातून परत येत होते. नाशिकची गाडी लागली, त्यातून ती बॅग घेऊन उतरली. सर नेहमीच्या बाकड्यावर होते. भोवती पोरं, मध्ये कुणीतरी जमिनीवर काडीने नदी काढत होता. सरांनी मुलीला पाहिलं. हात वर करून 'आलोच' अशी खूण केली आणि परत नदीकडे वाकले.

ती उभी राहिली. बॅग या हातातून त्या हातात घेतली. मग खाली ठेवली. मी बराच वेळ लांबून बघत होते. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला नवीन नव्हतं. आरशात पाहिलेलं होतं. मी जवळ जाऊन माझी ओळख सांगितली, नाव विचारलं आणि म्हटलं, "चल, माझ्याकडे चहा घेऊ. यांचं इतक्यात आटपणार नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

घरी मी पोहे केले. ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून बोलत राहिली. "बाबा घरी आले की झोपतात, मॅडम. बोलून बोलून संपलेले असतात. मी काही विचारलं तर 'सोमवारी बघू' म्हणतात. सोमवारी ते इकडे असतात." मग म्हणाली, "कधी कधी मलापण अहो म्हणतात. चुकून. आई हसते. मला नाही हसू येत."

 मी तिच्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

"ही मुलं त्यांना एवढं काय विचारतात?" तिने विचारलं.

"मला कुठे माहीत? मी जवळ गेले की गप्प बसतात."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. मग मीही. दोघी डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसलो. जव्हारात इतक्या वर्षांत माझं दुखणं कळलेलं ते एकच माणूस. सर तिला न्यायला आले तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं. दारातूनच म्हणाले, "अरे वा, तुमची गट्टी जमली की." तिने बॅग उचलली आणि त्यांच्या पुढे पुढे चालायला लागली.

त्यानंतर ती मला अधूनमधून फोन करायची. बारावीचा निकाल लागला तेव्हा केला, पहिली नोकरी लागली तेव्हा केला. एका मुलाबद्दल आधी मला सांगितलं, आईला नंतर.

सर निवृत्त झाले तेव्हा कॉलेजने निरोपाचा कार्यक्रम ठेवला. सर बोलायला उभे राहिले आणि सवयीने फळ्याकडे तोंड करून बोलले. हॉल भरून मुलं होती, कितीतरी जुनी, काही कडेवर पोरं घेऊन आलेली. ते काय म्हणाले ते कुणाला ऐकू आलं नाही, तरी निम्मा हॉल रडत होता. माझ्या निरोपाला किती जण येतील याचा हिशेब मी तिथे बसून केला आणि उठून घरी आले.

गेल्या पावसाळ्यात कॉलेजच्या पायरीवरून घसरले आणि माझा पाय मुरगळला. दवाखान्यात पट्टी बांधायला जी नर्स आली ती रंजना. अंगाने जराशी भरली होती, हाताला सफाई आली होती. माझा पाय मांडीवर घेऊन तिने असा काही हलकेच फिरवला की मी ओरडायचं विसरले.

"दुखतंय का, मॅडम?"

"नाही."

"दुखत असणार. सांगा."

मी म्हटलं, दुखतंय. तिने पट्टी सैल करून परत बांधली. धाकटा भाऊ आयटीआय करून नाशिकला कामाला लागला म्हणाली, आयस-बास आता घरीच असतात म्हणाली. मी विचारलं, "लिहितेस का काही?"

"केस पेपर लिहिते, मॅडम," ती म्हणाली आणि हसली. मग घुटमळत म्हणाली, "तुम्हाला एक विचारू? सरांचा जुना फोन लागत नाय. नवा नंबर कुणाकडेच नाय. तुमच्याकडे असेल का?"

होता. त्यांच्या मुलीने दिलेला. नाही म्हणायचा मोह मला झाला, पण पाय तिच्या मांडीवर होता. मी नंबर सांगितला. तिने तिथेच लावला. पलीकडून त्यांचा आवाज आला असावा, कारण ती एकदम उभी राहिली आणि आपल्या घरच्या बोलीत भराभर बोलायला लागली. मध्येच हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. मी खाटेवर पाय वर करून पडलेली, उठून जाण्याची सोय नव्हती. सगळं ऐकलं. मग माझं नाव निघालं आणि तिने फोन माझ्यापुढे धरला. "सर तुमच्याशी बोलतो म्हणतात."

पायाची चौकशी झाली, पावसाची झाली. मग ते थांबले. आवाज वर्गातल्यासारखा खाली गेला, मला फोन कानावर दाबून धरावा लागला.

"मॅडम, आमची मुलगी तुमच्याशी बोलते ना?"

"बोलते."

"काय बोलते?" ते म्हणाले. "म्हणजे, मी आता घरीच असतो. दिवसभर मोकळाच असतो. माझ्याशी ती 'जेवायला या' एवढंच बोलते. मी विचारलं तर 'काही नाही' म्हणते. तुमच्याशी काय बोलते ती?"

सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ होतं. तो मुलगा, तिचा साहेब, तिला घ्यायची असलेली बदली, तिला रात्री पडणारी स्वप्नंसुद्धा. त्यातलं काही त्यांना ठाऊक नव्हतं. मला जे वाटलं ते चांगलं होतं की वाईट, हे मी अजून ठरवलेलं नाही. बरं वाटलं, एवढं खरं.

"सर," मी म्हटलं, "ती सहाला सुटते. ऑफिसच्या दारात जाऊन थांबत जा. काही विचारू नका. बरोबर चालत घरी या."

"आणि बोललीच नाही तर?"

"तर दुसऱ्या दिवशी परत जा."

 पलीकडून त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. रंजना माझ्याशेजारी उभी राहून हात पुढे करत होती, तिला अजून काहीतरी सांगायचं होतं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. फोन तसाच कानाला धरून बसून राहिले.